विकेट पडेपर्यंत उठायचं नाही

आमच्या घरात कोणी क्रिकेट खेळत नाही. आम्ही क्रिकेट बघतो. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो ज्याला कळत नाही त्याच्याशी मी या विषयावर बोलतच नाही. खेळणारा खेळतो, हरला तर अंघोळ करून जेवायला बसतो. घास अडकतो तो बघणाऱ्याच्या घशात. मी स्वतः आयुष्यात एकदाच बॅट हातात धरली, पाटबंधारे खात्याच्या स्नेहसंमेलनात, आणि ती सुटली ती थेट उपअभियंत्यांच्या सौभाग्यवतींच्या खुर्चीपाशी जाऊन पडली. तेव्हापासून खात्याच्या सामन्यांत मला धावा लिहायला बसवतात. म्हणजे खात्यानंसुद्धा मला बघायच्याच कामाला लावलं.

हे बघणं माझ्याकडे बाबांकडून आलं. बाबा, म्हणजे यादोराव गजभिये, सालेकशाच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, मुंशी होते. उन्हाळ्यात बायामाणसं पानांचे पुडे बांधून फळीवर आणायची आणि बाबा ते मोजून घ्यायचे. डोक्यावर मोहाचं झाड, झाडाच्या फांदीला रेडिओ, आणि रेडिओवर कुठल्या तरी परमुलखात चाललेला सामना. बाबांना एकदा साहेबानं विचारलं म्हणे, की मुंशीजी, पुडे मोजताना तुमचं चित्त कुठं असतं? बाबा म्हणाले, "साहेब, मोजनी बरोबर आहे ना? मंग चित्त कायले पायजे?" आमच्या गल्लीत अजून त्यांना मुंशीजीच म्हणतात.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरी अंधश्रद्धा नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीला पोचवले, ते परत आले नाहीत. आम्ही मुहूर्त बघत नाही, लिंबू-मिरची बांधत नाही, मांजर आडवी गेली तर तिच्या आधी आम्हीच पुढे जातो. फक्त भारत फलंदाजी करत असला की जो जिथं बसला असेल त्यानं तिथंच बसायचं, विकेट पडेपर्यंत उठायचं नाही. विकेट पडली की मोकळं. पाणी प्या, मोरीवर जा, जागा बदला. पण जोडी जमली असताना कोणी उठलं आणि गडी बाद झाला, तर त्या माणसाला बाबा पुढच्या सामन्यापर्यंत नावानं हाक मारत नसत. आणि समोरचे फलंदाजी करत असले तर नेमकं उलट, दर षटकाला सगळ्यांनी जागा बदलायच्या. ही अंधश्रद्धाच नाही का, असं मी कॉलेजात असताना एकदा बोललो होतो. बाबा म्हणाले, "नाई. हा नियम आहे."

आणि बाबांच्या काळजात एक काटा होता. त्र्याऐंशी साली आपण विश्वचषक जिंकला तेव्हा बाबा फळीवर होते. हंगाम संपला होता, पण पोती उचलायची राहिली होती, आणि वरून पाऊस केव्हा येईल याचा नेम नव्हता. सामना ऐन रंगात आला आणि रेडिओचे सेल संपले. बाबांनी ते उन्हात ठेवले, हातावर चोळले, दातानं चावले. काही उपयोग झाला नाही. आपण जिंकलो हे त्यांना दोन दिवसांनी ट्रकच्या ड्रायव्हरनं सांगितलं, तेही डिझेलच्या भावाबद्दल बोलता बोलता. बाबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा ड्रायव्हरच्या नावापर्यंत येऊन थांबायचे.

त्यामुळे दोन हजार तीन साली मार्चमध्ये आपण पुन्हा अंतिम सामन्यात पोचलो तेव्हा आमच्या घरात काय वातावरण असेल ते समजून घ्या. बाबांनी नवीन बंडी शिवली. आणि त्याच आठवड्यात डोळ्यांच्या शिबिरातून निरोप आला, की यादोराव गजभिये यांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नंबर लागला आहे. आता सोडला तर थेट पावसाळ्यानंतर. उजवा डोळा पिकलेला, डाव्यात नुसतं धुकं. मी शिबिराच्या टेबलावर जाऊन विचारलं की तारीख एक आठवडा पुढे ढकलता येईल का. टेबलावरच्या माणसानं कारण विचारलं. मी खरं कारण सांगितलं. त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नोकरीत आहात का हो तुम्ही?" मी मान हलवून परत आलो.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की पट्टी निघेपर्यंत वाकायचं नाही, जोरात खोकायचं नाही, टीव्हीसमोर बसायचं नाही आणि मुख्य म्हणजे डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला रविवारच्या सामन्याबद्दल हळूच विचारलं, "आयतवारी काय करशील गा?"

मी म्हणालो, "बाबा, मी बघतो आणि तुम्हाला सांगतो. चेंडू न् चेंडू."

एवढीच होती माझी योजना. एका मुलानं आपल्या बापाला एक सामना तोंडानं सांगायचा. यात कोणाला काही बोलायला जागा आहे का? पण आमच्या गल्लीत जागा नसताना बोलणारे लोक राहतात.

पहिला सल्ला समोरच्या खुशालचा. खुशाल वीज मंडळात लाइनमन. तो म्हणाला, "लाइटची फिकर करू नोको. फायनलच्या दिवशी लोडशेडिंग? लोक आफिस जाळतीन ना! मी खुद्द साहेबाशी बोललो." खुशाल खुद्द साहेबाशी बोलला म्हटल्यावर मी घाबरलो. कारण मागच्या वेळी तो खुद्द साहेबाशी बोलला तेव्हा आमच्या गल्लीची वीज पोळा संपेपर्यंत आली नव्हती. वीज गेली तर रेडिओ हवा, आणि रेडिओ दिवाळीपासून मुन्नालालच्या दुकानात. मुन्नालालचं मंडप, लाउडस्पीकर, बॅटरी आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तो प्रत्येक वेळी "कल पक्का, बाबूजी" म्हणायचा आणि मी प्रत्येक वेळी उद्या म्हणून घरी यायचो.

मग मला आमच्या ऑफिसातली जीप आठवली. चोरखमारा जलाशयाच्या कामावरची ती जीप आता लिलावाची वाट बघत वऱ्हांड्यासमोर उभी होती, पण तिची बॅटरी ठणठणीत होती, आणि आमचा टीव्ही बॅटरीवरही चालतो. ती एका दिवसासाठी मिळावी म्हणून मी रीतसर अर्ज केला. अर्ज आवक-जावक टेबलावर गेला, तिथून संबंधित लिपिकाकडे आला. संबंधित लिपिक मीच. मी तो काळजीपूर्वक वाचला. प्रयोजन "वैयक्तिक" असं लिहिलं होतं, शासकीय मालमत्ता वैयक्तिक कामाला देता येत नाही. मी बराच वेळ स्वतःच्या बाजूनं विचार केला, पण नियम तो नियम. मी अर्ज नामंजूर करण्याची शिफारस केली. आमच्या साहेबांनी त्यावर सही करताना शेरा मारला, की अर्जदारास समज द्यावी. ती समजही मलाच टाइप करावी लागली.

शेवटी मुन्नालालच कामाला आला. "बाबूजी, रेडिओ कल पक्का. तब तक बॅटरी ले जाओ, बारातवाली है, आठ घंटा कहीं नहीं जाती." बॅटरीबरोबर त्यानं एक भोंगा आणि माइकसुद्धा हातगाडीवर टाकला. मी म्हटलं हे कशाला? तर म्हणाला, "अरे, मुन्सीजी खाट पे लेटेंगे, आप अंदर टीव्ही के सामने. गला बैठ जायेगा. और मुहल्ला भी सुन लेगा." खरं सांगतो, तिथंच मी नको म्हणायला हवं होतं. पण त्यानं माइक हातात दिला, मी सहज "हॅलो" म्हणालो, आणि दुकानासमोरून चाललेली एक बाई वळून बघायला लागली. माणसाच्या आवाजाला अशी दाद मिळाली की माणूस जरा वाहवतो. माझी बायको अल्का म्हणाली, "बाबाच्या खाटेपासून टीव्ही दहा पावलावर हाय. तिथं भोंगा?" मी म्हणालो तुला तांत्रिक बाजू कळणार नाही.

रविवारी दुपारी सामना सुरू झाला आणि खुशालनं खुद्द साहेबाशी बोलून ठेवलेली वीज गेली. रेल्वे फाटकाच्या पलीकडे होती, अलीकडे आमच्याकडे नाही. खुशाल म्हणाला, "फीडर वेगळा आहे ना." आता अख्ख्या गल्लीत चालू टीव्ही एकच, आमचा, जुना, ब्लॅक अँड व्हाइट, बॅटरीवरचा. आतल्या खोलीत टीव्ही, ओसरीवर खाटेवर बाबा, आंब्याच्या फांदीला भोंगा, आणि हळूहळू सारी गल्ली आमच्या अंगणात. खुशाल आला, शेजारचा मनिराम आला, दूधवाल्या शामकलाबाई आल्या. काही जण आत घुसून टीव्हीसमोर बसले. भोंग्यात शिट्ट्या येतात म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माइक धरून उभा राहिलो.

पहिल्या डावाबद्दल मी बोलणार नाही. ऑस्ट्रेलिया फलंदाजी करत होती, नियमाप्रमाणे दर षटकाला सारं अंगण जागा बदलत होतं, म्हाताऱ्या बाया पाट उचलून इकडून तिकडे जात होत्या, आणि तरी त्यांचे दोनच गडी गेले आणि साडेतीनशेच्या वर धावा झाल्या. मी सगळं खरं सांगितलं. माझ्या आवाजाचं कौतुक झालं. "रेडिओवानी बोलते गा मुंशीजीचा पोरगा," असं कोणीतरी म्हटलं, ते मी नीट ऐकलं. बाबा शांत होते. "होऊ दे. रन होतेत. आपल्याले बी होतीन," एवढंच म्हणाले.

मध्यंतरात बाबांनी निकाल दिला. पहिल्या डावात जे आत बसले त्यांच्यामुळे ऑस्ट्रेलियानं एवढं मारलं. तेव्हा दुसऱ्या डावात आत कोणी बसायचं नाही. सगळे अंगणात, आपापल्या जागेवर. आत फक्त सांगणारा, म्हणजे मी. अल्का मधल्या दारात उभी होती, तिला तिथंच उभं राहायचा हुकूम झाला. हातात तिच्या मुरमुऱ्याची परात होती, ती तशीच राहिली.

आपला डाव सुरू झाला. आपल्या सलामीच्या बड्या फलंदाजाला बाबा "आपला मोठा" म्हणायचे. मोठ्यानं पहिल्याच षटकात चौकार मारला. मी तो असा काही सांगितला की अंगणात टाळ्या पडल्या, बाबा खाटेवर उठून बसले. आणि लगेच, त्याच षटकात, मोठा बाद झाला.

मी तोंड उघडलं. समोर दाराच्या चौकटीतून बाबा दिसत होते. डोळ्यावर पट्टी, नवीन बंडी, दोन्ही हात मांडीवर, आणि चेहरा माझ्या आवाजाकडे उचललेला. वीस वर्षांनी तो माणूस या सामन्याला बसला होता. आणि डोळ्यात पाणी येता कामा नये, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या भोंग्यातून मी काय बोललो ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी म्हणालो, "आणि या चेंडूवर... धाव नाही."

अल्कानं वळून टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेबद्दल मी अजूनही काही बोलू इच्छित नाही.

मला वाटलं होतं, एवढं एक षटक जाऊ द्यावं, बाबा जरा सावरले की हळूच सांगू. पण काही वेळानं टीव्हीवरचं चित्र बारीक व्हायला लागलं. चारी बाजूंनी काळं सरकत आलं, मध्ये एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही गेला. मुन्नालालची आठ तासांची बॅटरी भोंग्यानं अर्धी पिऊन टाकली होती. भोंगा मात्र जिवंत. टीव्हीला पुरेना ती वीज माझ्या आवाजाला पुरत होती.

आता मी काय करायला हवं होतं ते मलाही माहीत आहे. बाहेर येऊन सांगायचं, की टीव्ही बंद पडला आणि मोठा केव्हाच गेला. पण त्यासाठी आधी मी खोटं बोललो हे सांगावं लागलं असतं, आणि तेही माइकवर. मी शासकीय नोकर आहे, गल्लीत मला गजभियेबाबू म्हणतात. अंगणात सगळे माझ्या आवाजाकडे कान लावून बसले होते. मी काळ्या टीव्हीकडे बघितलं आणि म्हणालो, "चौकार!"

तिथून पुढे तो सामना माझा होता. मी चांगला खेळलो असं मला त्या वेळी वाटलं. घाई केली नाही. मधून एखादी एकेरी धाव, मधून पायचीतचं अपील, पंचांनी नाकारलेलं. एकदा तर मी झेल उडवून तो सोडला, तेव्हा अंगणात बायांनी कपाळाला हात लावला. फक्त एक गोष्ट माझ्याच्यानं होईना. मला विकेट पाडता येईना. मोठा एकदा बाद झालेला मी बघितला होता. त्याला पुन्हा बाद करायला माझी जीभ उचलेना, आणि त्याच्या जोडीदारानं माझं काय वाईट केलं होतं?

आणि विकेट पडेना म्हणून अंगणातून कोणी उठेना.

आधी हे माझ्या लक्षात आलं नाही. मग शामकलाबाईंची म्हैस ओरडायला लागली. तिची दूध काढायची वेळ झाली होती. ती गोठ्यातून ओरडायची, शामकलाबाई अंगणातून तिला ओरडून सांगायच्या, "थांब वो माय, जोडी जमली हाय!" खुशालच्या घरून भात करपल्याचा वास आला. त्याची बायको त्याच्याच शेजारी बसली होती, दोघंही नाक दाबून बसून राहिले. सगळ्यात वाईट हाल मनिरामचे. मनिरामला साखरेचा त्रास आहे, त्याला घडीघडी उठावं लागतं. तो आधी मांडी घालून बसला होता, मग उकिडवा बसला, मग दोन्ही गुडघे जवळ घेऊन डोलायला लागला. शेवटी त्याच्यानं राहवेना. तो हात जोडून आभाळाकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "एक तरी जाऊ दे रे बाप्पा!"

अख्खं अंगण त्याच्यावर तुटून पडलं. "आपल्याच मानसाची विकेट मागतेस काय बे?" "पाकिस्तानातून आला काय?" त्याला मारायला कोणी धावलं नाही ते केवळ जोडी जमलेली होती म्हणून. बाबा करड्या आवाजात म्हणाले, "मनिराम, बस. थोडा वेळ धीर धर. असा दिवस पुन्हा येनार नाई."

"मुंशीजी, मले धीर आहे हो, पन..." मनिराम म्हणाला आणि पुढचं रडवेल्या चेहऱ्यानं गिळलं.

अल्का दारातून दबक्या आवाजात म्हणाली, "एक विकेट पाडा. त्या मानसाचे हाल पाहा." मी माइकवर हात ठेवून म्हणालो, पाडतो. खरंच पाडणार होतो. पण तेवढ्यात बाबा हसले. पट्टीखाली त्यांचे गाल वर गेलेले मला दिसले, आणि ते खुशालला म्हणाले, "पाहा गा, मोठा आज आउट होत नाई. मले मालूम होतं." मी माइकवरचा हात काढला आणि षटकार मारला.

शेवटी मी तो सामना लवकर संपवायचं ठरवलं, मनिरामसाठी. धावांचा असा पाऊस पाडला की खुशाल म्हणाला, "अबे, आज बॉलर उपाशी आहेत काय?" एका षटकात तर मी सात चेंडूंवर सात चौकार मारले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि एकदाचा मी तो विश्वचषक एकही गडी न गमावता जिंकून दिला. नंतर कळलं, मध्ये तिकडे पावसामुळे खेळ थांबला होता तेव्हाही माझे चौकार चालूच होते.

मनिराम पहिला उठला. तो विजयाचा जल्लोष करत पळाला असं सगळ्यांना वाटलं. मग फटाके फुटले, कोणाच्या लग्नातले उरलेले. शामकलाबाईंनी म्हशीकडे जाता जाता बाबांच्या तोंडात साखर घातली. बाबा मला हाका मारत होते. मी बाहेर गेलो. त्यांनी चाचपडत माझं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "त्र्याऐंशीचं आज फिटलं गा. तुया तोंडानं फिटलं." आणि पट्टीच्या खालून एक ओघळ आला. डॉक्टरांनी जे होऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तेच झालं. मी माझ्या रुमालानं गाल पुसला.

फटाक्यांचा आवाज फाटकापलीकडे गेला. तिकडच्या लोकांकडे वीज होती. ते लोक रुळापाशी येऊन उभे राहिले आणि आमच्या गल्लीकडे बघायला लागले. आणि त्यांच्यामधून वाट काढत, घंटी वाजवत, सायकलवर मुन्नालाल आला. हँडलला बाबांचा रेडिओ लटकवलेला, फुल्ल आवाजात चालू.

"बाबूजी, बन गया!" मुन्नालाल ओरडला. "एकदम नया! सुनो, सुनो, मॅच अभी चालूच है!"

रेडिओ बोलत होता, आणि चांगलं स्वच्छ बोलत होता. आपले आठ गडी बाद झाले होते. शंभराहून जास्त धावा राहिल्या होत्या. मग नववाही गेला.

खुशालची बायको साखरेची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मनिराम धोतर सावरत परत आला होता, तो माझ्याकडे बघत राहिला. मी भोंग्याकडे बघत होतो, कारण दुसरं कुठं बघावं हे समजत नव्हतं. जमिनीत गाडून घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला तिथं नीट कळलं. त्या दिवसाआधी मी हे शब्द उगीच वापरत असे.

मुन्नालालनं घाबरून रेडिओ बंद करायला हात घातला. बाबा म्हणाले, "बंद करू नोको. आवाज वाढव."

शेवटचा गडी बाद होईपर्यंत बाबा खाटेवर ताठ बसून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मोठा केव्हा गेला?"

"पहिल्याच ओव्हरला, बाबा."

"तुले दिसलं?"

"दिसलं."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. हळू म्हणाले, "त्र्याऐंशीत जिंकले ते मले दोन दिवसानं समजलं. आता हरून राहिले होते, तं तेवढं तरी वेळेवर समजू द्याचं होतं ना गा." आणि भिंतीकडे तोंड करून निजले. नवीन बंडी काढायची राहिली होती, ती अल्कानं नंतर काढली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतून ऑफिसला जाणं ही एक शिक्षाच होती. म्हशीनं दूध चढवलं, थेंब दिला नाही, हे शामकलाबाईंनी मला ऐकू जाईल असं तीन घरांना सांगितलं. खुशाल खुश होता, कारण वीज गेल्याबद्दल त्याला कोणी बोलेना. फाटकापाशी पलीकडचा एक पानवाला मला बघून पान लावता लावता म्हणाला, "क्यों बाबूजी, आज कौन जीता?" ऑफिसात चपराशानं साहेबांच्या देखत तेच विचारलं. मी फाइलीत तोंड घातलं. अर्जदारास समज द्यावी, असा शेरा समोरच होता.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा ओसरीवर खाटेवर बसलेले. बाजूला नागपूरचा पेपर.

"वाच," ते म्हणाले. "पहिली ओव्हर आन् शेवटच्या दोन विकेटी मले समजल्या. मधलं तू खाऊन टाकलं. ते सांग."

"बाबा, आता कशाला..."

"आपन पाहनारे लोक आहो ना गा? मंग हरलेला बी पाहावा लागते."

वीज होती, पण मी आत गेलो नाही. माइक मुन्नालालनं परत नेला होता. खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसलो, पेपर उघडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चौकार सांगितला. मग मोठा बाद झाला तो सांगितला. माझा आवाज रेडिओसारखा मुळीच नव्हता, तो मध्येमध्ये फाटत होता.

दुसरी विकेट सांगून मान वर केली तर अंगणात मनिराम येऊन बसला होता. कालच्याच जागेवर. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं तोंड फिरवलं, पण बसून राहिला. तिसऱ्या विकेटला खुशाल आणि त्याची बायको आली. मग शामकलाबाई आल्या, दुधाची कॅन बाजूला ठेवून आपल्या जागेवर टेकल्या. अल्का मधल्या दारात येऊन उभी राहिली. मी वाचत गेलो, गडी जात राहिले. चौथा, पाचवा, सहावा. गोठ्यातून म्हैस ओरडायला लागली. मी थांबलो आणि म्हणालो, "शामकलाबाई, विकेट पडली हो. तुम्ही मोकळ्या आहात. मनिरामभाऊ, तुम्हीपण."

मनिराम गुडघे जवळ घेऊन बसला होता. तो म्हणाला, "तू वाच ना बे."

दहावी विकेट पडेपर्यंत कोणी उठलं नाही.